माळ्यावरच्या कॅसेटपासून खुल्या संग्रहापर्यंत : नाशिकमध्ये संगीताचा डिजिटल संग्रह उभारताना

नाशिक जिल्ह्यातले संगीत संस्थांच्या कपाटांपेक्षा घरांच्या माळ्यांवर जास्त सापडते. पंचवटीतल्या भजनी मंडळाची काकडआरती, सिन्नर किंवा नाशिकरोडच्या वस्तीत वामनदादा कर्डकांच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसून कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट, वणीच्या गडावरचा संबळ, सुरगाण्याच्या पाड्यावर एखाद्या शिक्षकाने टेप करून ठेवलेली पावरी (आदिवासींचे फुंकवाद्य). ही ध्वनिमुद्रणे कोणत्याही कंपनीने काढलेली नाहीत. त्यांची एकच प्रत असते आणि ती खराब झाली की ते गाणे संपते.

ख्यालगायक द. वि. पलुसकरांचे तसे नाही. ते नाशिकचेच, जन्म २८ मे १९२१. वडील विष्णु दिगंबरांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. १९५५ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, पण त्यांच्या तबकड्या बाजारात आल्या होत्या, संग्राहकांनी त्या जपल्या आणि त्यांच्या डिजिटल प्रतीही सहज ऐकायला मिळतात. अशा तबकडीची आणखी एक प्रत काढण्यात काही गैर नाही, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपले पहिले वर्ष त्यात घालवू नये. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी घ्यावे. देशाच्या संगीताचा ठेवा पूर्ण व्हायचा तर मोठ्या संस्थांपर्यंत कधीच न पोहोचलेले हे आवाज गावोगावच्या छोट्या, स्वतंत्र संग्रहांनीच सांभाळायला हवेत.

कोणाकडे काय आहे याचा अंदाज घेण्यासाठी गुरुग्रामचे आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी, मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, बंगळुरूची आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक आणि इंटरनेट आर्काइव्ह एवढी ठिकाणे आधी चाळा. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभा केलेला संग्रह बघा. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि त्यांच्यासोबत ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव व गाव. आज तो 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर खुला आहे. नोंदी कशा असाव्यात हे शिकायला मराठीत त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही.

आधी काय घ्यायचे

पेटीभर कॅसेट समोर आल्या की पहिली हाताला लागली ती लावायचा मोह होतो. तो टाळा. आधी तीन ढीग करा. पहिल्या ढिगात ज्या ध्वनिमुद्रणातले आवाज ओळखणारा माणूस अजून आहे, पण थकलेला आहे, अशा फिती. दुसऱ्यात ज्यांचे माध्यम बिघडायला लागले आहे त्या. उरलेल्या तिसऱ्या ढिगात. माध्यमाच्या बिघाडापेक्षा माणसाला वर ठेवण्याचे कारण साधे आहे. बिघडलेली फीत पुष्कळदा पुन्हा वाजवता येते, पण 'हा तबल्यावर कोण आहे' हे सांगणारे आजोबा गेल्यावर ती माहिती कोणत्याही यंत्रातून परत मिळत नाही. अशी फीत असेल तर साध्या टेपवर तिची कामचलाऊ प्रत काढा, ती त्यांना ऐकवा, आणि ते बोलतात ते सगळे रेकॉर्ड करा. पक्की प्रत नंतर काढता येईल.

वस्तू हातात आली की लगेच क्रमांक द्या. एक जाड वही ठेवा, त्यात क्रमांक, कोणाकडून आली, कोणत्या तारखेला, परत द्यायची की ठेवायची, हे शाईने लिहा. कॅसेटच्या आवरणाचे, दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि आतल्या चिठ्ठीचे फोटो काढा. क्रमांक आवरणावर मऊ पेन्सिलीने लिहावा. स्टिकर चिकटवू नका. दोन पावसाळ्यांत त्याचा गोंद सुटतो आणि क्रमांकच हरवतो.

पावसाळा हा इथला मोठा शत्रू. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यातून आलेल्या फितींवर पांढरी किंवा करडी बुरशी असण्याची शक्यता धरूनच चला. बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नका. बीजाणू हेडवर आणि रबरी रोलरवर बसतात आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कोरड्या ऋतूत, उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून, बुरशी पूर्ण वाळल्यावर मऊ कुंचल्याने झाडा. साठवणीच्या कपाटात शंभर-दोनशे रुपयांचा नव्हे तर भरवशाचा आर्द्रतामापक ठेवा. हवेतला ओलावा ३० ते ४० टक्के असेल तर उत्तम, ५० च्या वर जाऊ देऊ नका. बंद डब्यात सिलिका जेल चालते, पण ते महिन्यातून एकदा तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. नाहीतर ते नुसते पडून राहते. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मेमध्ये फार तापतो, तिथे काहीही ठेवू नका.

कॅसेट

नाशिकमध्ये सर्वांत जास्त याच सापडतील, म्हणून यावर सगळ्यात जास्त हात बसवा. चांगला कॅसेट डेक शोधा, म्हणजे स्पीकर नसलेला, लाइन आउट असलेला. जुन्या डेकचे रबरी बेल्ट ताणलेले किंवा विरघळलेले असतात; ते बदलून घेतल्याशिवाय आणि प्रेशर रोलर (फितीला दाबून पुढे नेणारा रबरी रोलर) तपासल्याशिवाय त्यात कोणाचीही अमानत घालू नका. बाजारात कॅसेट थेट यूएसबीवर उतरवणारी छोटी यंत्रे मिळतात. ती घेऊ नका. त्यांची गती डुलते, आवाजाची पातळी यंत्र आपोआप वरखाली करते आणि तानपुरा लाटांसारखा ऐकू येतो.

आता एका कॅसेटचे काम. हेड, कॅपस्टन (फीत ओढणारा दांडा) आणि टेपच्या वाटेतले धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला साधे पाणी आणि बिनधाग्याचे कापड पुरे. कॅसेटची मागची लहान चौकोनी टोपी तोडलेली आहे का बघा. नसेल तर आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ गाणे पुसले जाणार नाही. मग खिडकीत डोकावून हेडसमोरची फेल्टची गादी जागेवर आहे का ते पाहा. जुन्या कॅसेटमध्ये ती गळून पडलेली असते, मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. असे असेल, किंवा चकत्या अडकत असतील, तर फीत दुसऱ्या, स्क्रूवाल्या डब्यात हलवा. पाच स्क्रूंचा रिकामा चांगला डबा नेहमी दोन-चार शिल्लक ठेवावा. मूळ डबा चिकटवलेला असेल तर शिवणीवर पातळ पात्याने हळूहळू उघडावा लागतो. पहिले काही डबे कोऱ्या कॅसेटवर उघडून सराव करा. फीत तुटलेली असेल तर जोडायला कॅसेटसाठीचीच जोडपट्टी वापरा. सेलोटेपचा गोंद बाहेर येऊन शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेले वेढे मोकळे होतात. सी-१२० च्या कॅसेटमध्ये फीत फार पातळ असते, ती वेगाने फिरवताना समोर बसून राहा.

यानंतर येते ते बहुतेक लोक वगळतात: हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर सरळ हेडवर तिचा आवाज झाकल्यासारखा येतो. लोक मग सॉफ्टवेअरमध्ये वरचे स्वर वाढवतात आणि फक्त खरखर वाढते. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा. दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत, इकडे-तिकडे फिरवा. ज्या जागी टाळ, झांज आणि 'स', 'श' सर्वांत स्पष्ट होतात ती बरोबर जागा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळे, कधी कधी दोन्ही बाजूंना वेगळे करावे लागते. दहा मिनिटांचे काम आहे, आणि प्रतीत जेवढा फरक यामुळे पडतो तेवढा कोणत्याही महागड्या यंत्राने पडत नाही. डॉल्बीचे (म्हणजे डेकमधल्या, फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचे) बटण बंदच ठेवा. लेबलवर डॉल्बी लिहिले असेल तर तशी नोंद करा आणि दुसरी प्रत बटण चालू करून काढा.

गतीचीही एक गंमत नव्हे, अडचण असते. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत गेले की भरताना फीत हळू चालते. तीच आज योग्य गतीने वाजवली की गाणे पुढे पुढे चढत जाते. काळी एकला सुरू झालेला गायक शेवटी काळी दोनकडे सरकलेला ऐकू येतो. ही चढण ओळखायला पेटी सोबत ठेवा. कार्यक्रम विजेवर भरलेला असेल तर फितीत विजेची बारीक घुरघुर असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ध्वनीचा आलेख काढल्यावर ती ५२ वर दिसली तर गती साधारण ४ टक्के जास्त आहे. त्या काळी विजेची वारंवारता स्थिर नसे, तेव्हा हा पुरावा पेटीसोबत वापरा, एकटा नको. आणि दुरुस्ती करायची ती फक्त ऐकायच्या प्रतीत.

स्पूल

पाव इंची स्पूल फितींचे यंत्र मिळणे अवघड आणि दुरुस्त करणारा मिळणे त्याहून अवघड. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेटची फीत आहे आणि विघटन सुरू झाले आहे. ती इतरांपासून वेगळी, थंड आणि हवेशीर जागी ठेवा आणि रांगेत सर्वांत पुढे घ्या. दुसरा आजार १९७० ते ८० च्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर फितींना होतो. त्यांचा बांधणारा थर हवेतले पाणी शोषून चिकट होतो, वाजवताना फीत चिरचिरते आणि हेडवर तपकिरी गाळ साचतो. अशा वेळी यंत्र ताबडतोब थांबवा. या फिती नियंत्रित भट्टीत साधारण ५० ते ५५ अंशांवर आठ तासांहून जास्त तापवून काही आठवडे वाजण्याजोग्या करता येतात. ते घरच्या ओव्हनमध्ये करू नका, जाणकार प्रयोगशाळेला द्या. अ‍ॅसिटेटची फीत तर कधीच तापवायची नाही. फीत कोणत्या गतीची, किती ट्रॅकची, हे डब्यावर लिहिलेले असले तरी ऐकून ठरवा.

लाखेची तबकडी

मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते, म्हणून तिला अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. शुद्ध केलेले म्हणजे डिस्टिल्ड पाणी, त्यात सुगंध नसलेल्या सौम्य डिटर्जंटचे काही थेंब, मऊ कुंचला, खाचांच्या दिशेने गोल. लेबल ओले होऊ देऊ नका. मग दोनदा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि सावलीत उभी वाळवा. धातूच्या पत्र्यावर थर दिलेल्या तबकड्या, म्हणजे स्टुडिओत थेट कोरलेल्या, पाण्याने धुवू नका.

चावीच्या ग्रामोफोनवर दुर्मीळ तबकडी वाजवू नका. त्याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाने पोलादी सुई खाचेत दाबतो. टर्नटेबलवर वजन ३ ते ५ ग्रॅम लागते. सुईचा आकार मात्र महत्त्वाचा. एलपीची सुई टोकाला साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते, ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी पडते आणि तिथल्या धुळीवर घासत जाते. ७८ साठी ७६ मायक्रॉन, म्हणजे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई ही सुरुवात. जमल्यास अडीच आणि साडेतीन मिलच्याही घ्या. जुन्या पोलादी सुयांनी खाचेची भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते; थोडी जाड किंवा बारीक सुई न झिजलेल्या भागावर टेकते आणि त्याच तबकडीतून एकदम स्वच्छ आवाज येतो. तिन्ही सुयांनी पहिली तीस सेकंदे घ्या, ऐका, मग ठरवा.

कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, स्टीरिओच वापरा आणि दोन्ही चॅनेल भरा, तबकडी मोनो असली तरी. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा चांगली निघते, ती नंतर निवडता येते. फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, आरआयएए (तबकडीतल्या खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल साधण्याचे प्रमाण) बंद करायची सोय असेल तर बंद करून सपाट, म्हणजे असा समतोल न लावलेली प्रत घ्या. ते प्रमाण १९५४ च्या सुमाराचे आहे, त्याआधीच्या तबकड्यांना ते लागू पडत नाही. ७८ ची गती नसलेले टर्नटेबल असेल तर ४५ वर वाजवून संगणकात १.७३३ पट वेगवान करता येते, पण तेव्हा सपाट प्रत घेणे अगदी आवश्यक, कारण आरआयएए चुकीच्या जागी लागते.

सगळ्या ७८ च्या तबकड्या खरोखर ७८ वर भरलेल्या नसतात. जुन्यांची गती पुष्कळ वेगळी असू शकते. एक फेरा जास्त-कमी झाला की स्वर सुमारे २२ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, आणि साडेचार फेऱ्यांत अख्खा अर्धा स्वर. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी, साथीला पेटी असेल तर पेटीशी जुळवून पाहा. मूळ प्रत मात्र ७८ वरच ठेवा आणि जुळवलेली गती नोंदीत लिहा. लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात वाचून उतरवा. लेबलवरचा क्रमांक एका तबकडीचा असतो, मॅट्रिक्स क्रमांक त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही तबकड्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचे नाव पुकारतो, म्हणून सुई लवकर उचलू नका.

संगणकात उतरवताना

आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रह संघटनेची टीसी-०४ ही मार्गदर्शिका किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट धरा. डेकचे लाइन आउट बाहेरच्या ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनला. हेडफोनच्या भोकातून मोबाइलमध्ये भरू नका, मोबाइल पातळी स्वतः बदलत राहतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरते. विंडोजवर ऑडॅसिटीत ध्वनी आत घेण्याची पद्धत (ऑडिओ होस्ट) म्हणून एमएमई निवडलेले असेल तर फाइल नावाला २४ बिटची होते पण आत १६ बिटचाच ध्वनी येतो. वासापी निवडा, आणि विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्येही ९६००० ठेवा. सूचनांचे आवाज बंद. निर्यात करताना डिदर (सॉफ्टवेअर मुद्दाम मिसळते ती बारीक खरखर) बंद.

पातळीची टोके उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तरी काही बिघडत नाही, लाल दिवा लागला तर मात्र तेवढे गाणे गेले.

मूळ प्रतीला हात लावायचा नाही. खरखर काढणे, टकटक काढणे, आवाज वाढवणे, गाण्यांचे तुकडे करणे हे सगळे वेगळ्या प्रतीत. खरखर काढणारी सॉफ्टवेअर तानपुऱ्याचा जवारीचा भागही खरखर समजून खातात, आणि आज स्वच्छ वाटलेले दहा वर्षांनी पोकळ वाटते. दोन गाण्यांमधले बोलणेही कापू नका. निवेदक गावाचे नाव, देणगीदारांची यादी, कधी तिथीसुद्धा सांगतो. ध्वनिमुद्रण कुठले हे पुष्कळदा त्यातूनच कळते.

एक तासाच्या कॅसेटला साफसफाई, अ‍ॅझिमथ, वाजवणे, ऐकणे, नोंद धरून तीन तास राखून ठेवा. ९६/२४ स्टीरिओचा एक तास सुमारे २.०७ जीबी होतो. पाचशे तासांच्या संग्रहाला एक टीबी थोडी अपुरी पडते. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे दोन तासांच्या आसपास; त्याआधी बाजू बदला आणि नवी फाइल करा. फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनी न गमावता दाबलेल्या फाइलमध्ये, ठेवले तर जागा साधारण निम्मी लागते आणि ध्वनीत काही घटत नाही. ऐकण्यासाठी एमपीथ्री वेगळी.

नोंद

नाव नसलेले ध्वनिमुद्रण शोधता येत नाही आणि शोधता न येणारे ध्वनिमुद्रण कोणी जपत नाही. प्रत काढली त्याच दिवशी नोंद करा. एका ओळीत एवढे हवे: क्रमांक, माध्यम आणि त्याची स्थिती, कोणाकडून, गायक, साथसंगत करणारे सगळे, प्रकार (गोंधळ, वारकरी भजन, भीमगीत, ख्याल, लावणी, जे असेल ते), राग-ताल लागू असल्यास, बोलांची पहिली ओळ, गाव आणि तालुका, दिनांक, ही माहिती कोणी दिली, किती खात्रीची, वापरलेले यंत्र आणि सुई किंवा डेक, प्रत कोणी काढली, हक्क कोणाचे. ढोलकीवाल्याचे, झीलकऱ्यांचे नाव विचारायला विसरले जाते, मुद्दाम विचारा.

लेबलवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या कॅसेटच्या तोडलेल्या टोपीची जागा चिकटपट्टीने बंद करून तिच्यावर घरचे कार्यक्रम भरणे ही नेहमीची पद्धत होती. शेवटपर्यंत ऐका, नव्या ध्वनिमुद्रणाखाली राहिलेला जुन्याचा तुकडा कधी कधी जास्त मोलाचा निघतो. तारखेचीही तीच कथा. 'सिंहस्थाच्या आदल्या वर्षी' असे कुणी सांगितले तर २००३ चा की २०१५ चा की त्याआधीचा, हे पुढे विचारा, आणि खात्री नसेल तर 'अंदाजे' असे लिहून अंदाज कशावरून हेही लिहा.

सगळे यूनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फाँटात केलेली यादी दुसऱ्या संगणकावर निव्वळ चिन्हांची होते. पलुसकर, पळुसकर, पलुस्कर अशी एकाच नावाची रूपे एका रकान्यात एकत्र ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. फाइलच्या नावात मात्र फक्त रोमन लहान अक्षरे, अंक आणि आडवी रेघ, मोकळी जागा नको. आणि नावात गायकाचे नाव न घालता क्रमांक घाला, कारण ओळख बदलू शकते, क्रमांक बदलत नाही.

नवे ध्वनिमुद्रण

जुन्या फिती गोळा करता करता आज गाणारे भेटतात. नाशिक ढोलाच्या पथकासमोर उभे राहून रेकॉर्डर लावला तर हमखास फाटलेला आवाज येतो. पाच-सहा मीटर मागे या, आपोआप पातळी ठरवणारे बटण बंद करा, पथकाच्या सर्वांत मोठ्या ठोक्यावर उणे १२ डेसिबल येईल अशी पातळी लावा. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर फाइल फाटू देत नाहीत, पण मायक्रोफोनचा पडदाच दबला तर तेही हतबल. कोकणा समाजाच्या थाळीवरच्या कथेत उलटे आहे. थाळीला मेणाने चिकटवलेल्या काडीवरून बोटे ओढली जातात, तो नाद अगदी हलका असतो. मायक्रोफोन ३०-४० सेंटिमीटरवर, पंखा आणि मोबाइल बंद. गडावर, घाटात वाऱ्यासाठी केसाळ आवरण लागतेच, फोमचे पुरत नाही. सुरुवातीला गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती त्याच्याच आवाजात घ्या. शेवटी तीस सेकंद त्या जागेची शांतता.

काही गाणी ठरावीक विधीतच गायची असतात. बोहाड्यातले (मुखवट्यांच्या उत्सवातले), कणसरी या धान्यदेवतेचे काही बोल, गोंधळाच्या जागरातला एखादा भाग बाहेर ऐकवायचा नाही असे भगत किंवा गावकरी म्हणाले तर तसेच नोंदवा आणि ती फाइल बंद ठेवा. ध्वनिमुद्रणाची प्रत गाणाऱ्याला त्याच आठवड्यात पोहोचवा. मानधन द्या.

हक्क

स्वामित्व हक्क अधिनियम १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा तो ३१ डिसेंबर २०२० ला संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, म्हणून त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेर वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहील. गाणाऱ्याचा प्रयोगकर्ता म्हणून हक्क ५० वर्षांचा. म्हणजे १९८५ सालच्या घरगुती कॅसेटमध्ये दोन-तीन जणांचे हक्क गुंतलेले असू शकतात. जतनासाठी प्रत ठेवणे आणि ती सगळ्यांसाठी खुली करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा कायद्यात आहे. म्हणून जवळच्या वाचनालयाशी लेखी करार करून ठेवणे फायद्याचे. देणाऱ्याकडून साध्या मराठीत एक पान सही करून घ्या: जतन चालेल का, वाचनालयात ऐकवणे चालेल का, इंटरनेटवर चालेल का, नाव छापावे का. चारही प्रश्न वेगळे. मोठ्या रकमेचा किंवा वारसांतल्या वादाचा प्रश्न असेल तिथे वकिलाला विचारल्याशिवाय काही खुले करू नका.

ठेवणे आणि खुले करणे

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक नाशिकबाहेर. पुण्या-मुंबईतल्या विश्वासू माणसाकडे डिस्क ठेवली तरी चालते, पण गोदेच्या पुराच्या टप्प्यात येणाऱ्या एकाच घरात तिन्ही नकोत. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, काढून यादीत साठवा. कालांतराने फाइल आतून बदलली का हे त्यावरूनच कळते, ऐकून कळत नाही.

यूट्यूबला संग्रह समजू नका. तिथे ध्वनी दाबला जातो आणि हक्काच्या दाव्यावरून तो रातोरात उतरतो. स्वतःच्या नावाचे, साध्या पानांचे संकेतस्थळ करा आणि हक्काची अडचण नसलेले इंटरनेट आर्काइव्हवरही ठेवा. पण तेही एकमेव ठिकाण नको. ऑक्टोबर २०२४ मधल्या हल्ल्यानंतर ते काही दिवस बंद होते. संकेतस्थळाचे नाव एका उत्साही तरुणाच्या खात्यावर घेतलेले असेल तर तो पुण्याला नोकरीला गेला की संग्रह अडकतो. सात सदस्य जमले की संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणी होते. नाव, डिस्क, पासवर्ड संस्थेच्या नावावर आणि किमान दोघांकडे ठेवा. प्रत्येक पानावर 'ही माहिती चुकीची आहे' आणि 'हे काढून टाका' अशा दोन विनंत्यांसाठी पत्ता द्या, आणि वारसाची विनंती आली तर आधी फाइल बंद करा, चौकशी मग.

डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट फेकू नका, देणाऱ्यालाही फेकू देऊ नका. पुढे चांगले यंत्र मिळेल तेव्हा तीच लागेल. दर दसऱ्याला, पावसाळा ओसरल्यावर, सगळ्या डिस्क बाहेर काढून बेरजा पुन्हा जुळवा. एखादी जुळली नाही तर ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणा आणि ज्या डिस्कवर बिघाड दिसला ती त्याच आठवड्यात बदला.